संक्रांतीचे आकाश आणि विद्यापीठाचे अंगण

संक्रांतीच्या दिवशी सूर्य मकर राशीत प्रवेश करतो, हे आपल्या घरांतील शाळकरी मूलही सांगू शकते. परंतु ‘ती मकर रास आकाशात कोठे आहे, मला दाखवा,’ असे त्याच मुलाने उलट विचारले, तर बोट करून उत्तर देणारे वडीलधारे माणूस किती घरांत सापडेल? सुगडे पुजली जातात, भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते, सुवासिनी वाण लुटतात, धाकटी मंडळी थोरांच्या हातावर तिळगूळ ठेवून त्यांच्या पाया पडतात. सारे यथासांग होते. ज्या आकाशातील घटनेसाठी हा सोहळा, त्या आकाशाकडे मात्र आपली पाठच असते.

हा दोष कोणा एकाचा नव्हे. पंचांग भिंतीवर आले, चंद्रोदयाची वेळ वर्तमानपत्रात छापून येऊ लागली आणि आकाशाकडे पाहण्याचे कारण उरले नाही. संकष्टीला चंद्र पाहून उपास सोडावा, हा मूळ संकेत. आज घड्याळात पाहून ताट वाढले जाते. चंद्रोदय गावागणिक बदलतो, मुंबई आणि नागपूर यांच्या वेळांत सुमारे २५ मिनिटांचा फरक पडतो, हेही कित्येकांच्या ध्यानी नसते. विवाहात वधूवरांना अरुंधतीचे दर्शन घडवावे, असा विधी. पण मुहूर्त दुपारचा असेल, तर गुरुजी मांडवाच्या छताकडे बोट दाखवितात आणि वधूवर श्रद्धेने छतालाच नमस्कार करतात!

आपल्या व्रतवैकल्यांतील ‘दर्शन’ हा शब्द असा हळूहळू पोकळ होत असताना, ते दर्शन पुन्हा घडविणारी एक जागा आमच्या पाहण्यात आली. ती जागा देवालय नव्हे, विद्यापीठाचे आवार आहे. संक्रांतीच्या निमित्ताने आज वाचकांना आम्ही तेथे घेऊन जाऊ इच्छितो.

गणेशखिंडीतील संध्याकाळ

पुण्याच्या गणेशखिंडीत, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विस्तीर्ण आवारात, आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र आहे. ‘आयुका’ या छोट्या नावाने ते सर्वपरिचित आहे. विद्यापीठ अनुदान मंडळाने १९८८ मध्ये त्याची स्थापना केली आणि डॉ. जयंत नारळीकर त्याचे पहिले संचालक झाले. वास्तू विख्यात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी रचली. मध्यभागी आपल्या मंदिरांपुढे असते तसे पायऱ्यांचे कुंड आहे आणि त्याच्या चार दिशांना आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. आवारात एक लांब लंबक झुलतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे त्याच्या झोक्याची दिशा सावकाश वळताना पाहून कळते. पुण्याच्या अक्षांशावर त्याची एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे ७५ तास लागतात.

येथील चंद्रशेखर सभागृहात शास्त्रज्ञांची सर्वसामान्यांसाठी व्याख्याने होतात. शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारच्या व्याख्यानांची प्रथा पुण्यातील कित्येक घरांना ठाऊक आहे. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला तर आवाराला जत्रेचे रूप येते. २००४ पासून येथे मुलांसाठी ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ आहे. पु. ल. देशपांडे यांच्या कुटुंबाच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या तिच्या वास्तूचे नाव ‘पुलस्त्य’. पुलस्त्य हा सप्तर्षींतील एक तारा, आणि त्या नावात आपले ‘पु. ल.’ही आलेच.

अशाच एका जानेवारीतील संध्याकाळी आम्ही तेथे गेलो होतो. आधी व्याख्यान आणि मग दुर्बिणीतून आकाशदर्शन, असा बेत होता. श्रोत्यांत महाविद्यालयीन विद्यार्थी होते, तसे कानटोपी घातलेले निवृत्त गृहस्थ होते, आईचा पदर धरून आलेली मुले होती आणि नऊवारीवर शाल पांघरलेल्या एक आजीही होत्या. त्यांची नात त्यांना हात धरून घेऊन आली होती. व्याख्यान मराठीत होते आणि विषय होता संक्रांतीचाच.

आजींचा प्रश्न

वक्त्यांनी आरंभीच जे सांगितले, त्याने सभागृहात किंचित चुळबुळ झाली. सूर्याचे उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते, मकर संक्रांतीला नव्हे. त्या दिवशी सूर्य दक्षिणेकडील आपली सीमा गाठतो आणि पुन्हा उत्तरेकडे वळतो. मकर संक्रांत येते १४ किंवा १५ जानेवारीला. म्हणजे दोहोंत सुमारे चोवीस दिवसांचे अंतर पडलेले आहे.

हे अंतर का पडले, तेही त्यांनी उलगडून सांगितले. पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता भोवऱ्यासारखी डुलते. तिचा मध्यभाग किंचित फुगीर आहे आणि त्या फुगवट्यावर सूर्यचंद्रांची ओढ पडते, म्हणून हे डुलणे. त्याचा एक फेरा सुमारे २६,००० वर्षांचा असतो. यालाच आपल्या ज्योतिर्विदांनी अयनचलन म्हटले. या चलनामुळे अयनबिंदू ताऱ्यांच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकतो. आपली संक्रांत ताऱ्यांच्या राशीला बांधलेली, तर उत्तरायण सूर्याच्या चालीला बांधलेले. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी ही दोन्ही एकाच दिवशी येत होती. तेव्हापासून ती एकमेकांपासून दूर जात आहेत.

उदाहरणे आपल्या परिचयाचीच होती. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला, तो दिवस मकर संक्रांतीचा होता. आज ती तारीख दोन दिवस पुढे गेली आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा घात झाला आणि ‘संक्रांत कोसळली’ असे आपण त्या दिवसाविषयी म्हणतो. परंतु हिशेबाने मागे जाता त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास होऊन गेली होती. हेच असे चालत राहिले, तर आणखी सुमारे नऊ हजार वर्षांनी संक्रांत मे महिन्यात येईल. ‘तेव्हा तिळगूळ वाटायचा की पन्हे, ते आपल्या वंशजांनी ठरवावे,’ असे वक्ते म्हणाले आणि सभागृह हसले.

आजी मात्र हसल्या नाहीत. प्रश्नोत्तरांची वेळ आली तेव्हा त्या सावकाश उभ्या राहिल्या. त्यांनी विचारले, “अहो सर, मी लग्न होऊन आल्यापासून पन्नासावर संक्रांती केल्या. सासूबाईंनी सांगितलं तशा केल्या. मग त्या सगळ्या चुकीच्या दिवशी झाल्या का हो?”

सभागृह एकदम शांत झाले. प्रश्न एका आजींचा होता खरा, पण त्यात प्रत्येक श्रद्धाळू घराची धाकधूक होती. आम्हांलाही क्षणभर वाटले, आता उत्तर काय येणार? विद्वत्तेच्या तोऱ्यात एखादा शब्द गेला, तर एका वृद्ध स्त्रीच्या साऱ्या आयुष्याचा नेम मोडून पडायचा.

वक्ते व्यासपीठावरून खाली उतरले आणि आजींच्या रांगेपाशी आले. म्हणाले, “आजी, तुम्ही चुकला नाहीत आणि तुमच्या सासूबाईही चुकल्या नाहीत. सूर्य ज्या राशीत जातो म्हणून तुम्ही सण केलात, त्या राशीत आपल्या पंचांगाच्या गणिताप्रमाणे तो त्याच दिवशी गेला. फक्त उत्तरायण त्याच्या आधी होऊन गेलेलं होतं. ज्यांनी हा सण नेमला, त्यांनी आकाशाकडे पाहून नेमला. आपण पाहायचं सोडलं, म्हणून ही दोन वेगळी झाल्याचं आपल्याला कळलं नाही, एवढंच.”

आजी खाली बसल्या. त्यांचे पूर्ण समाधान झाले की नाही, कोण जाणे. त्या काहीशा विचारात पडलेल्या दिसल्या.

आपल्याच घरचा जुना वाद

परंतु हे सारे नवे आहे काय? आम्ही घरी येऊन जुने ग्रंथ चाळले, तेव्हा दिसले की हा प्रश्न पाश्चात्त्य विद्येने आपल्यावर लादलेला नाही. तो आपल्याच घरचा आहे आणि त्यावर महाराष्ट्रातील शास्त्री-पंडितांनी आयुष्ये वेचली आहेत. पंचांगात लिहिलेला ग्रह आकाशात तेथेच दिसला पाहिजे, या कसोटीला आपल्याकडे ‘दृक्प्रत्यय’ असे नाव आहे. ज्याचा प्रत्यय डोळ्यांना येत नाही ते गणित सुधारावे, ही आपल्या ज्योतिःशास्त्राची जुनी शिस्त होय.

या शिस्तीला अनुसरून केरो लक्ष्मण छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकात नव्या वेधांवर आधारलेले पटवर्धनी पंचांग सुरू केले. त्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक यांनी पंचांगशुद्धीचा आग्रह पुढे चालविला. टिळकांनी रेवतीचा तारा आरंभस्थान मानला, तर व्यंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रेचा तारा प्रमाण धरला. दोन्ही गणनांत सुमारे चार अंशांचे अंतर. म्हणूनच टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते आणि इतरांकडे १४ किंवा १५ जानेवारीला. दोन्ही घरांत तिळगूळ तितकाच गोड लागतो. दोन्ही घरे तितकीच धर्मनिष्ठ आहेत.

मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असा उल्लेख शतपथ ब्राह्मणात आहे. दीक्षितांनी त्यावरून गणित मांडले की, कृत्तिका बरोबर पूर्वेला उगवत असत तो काळ सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा. कार्तिकातील संध्याकाळी आज कोणीही पाहावे. कृत्तिका पूर्वेच्या उत्तरेस सुमारे पंचवीस अंश सरकून उगवतात. म्हणजे ज्या ऋषीने ते वाक्य उच्चारले, त्याने ते डोळ्यांनी पाहिले होते. टिळकांनी १८९३ मध्ये ‘ओरायन’ या ग्रंथात मृगनक्षत्रावरून वेदकाळ ठरविण्याचा यत्न केला, तोही याच वाटेने.

पुण्याचे आणखी एक स्मरण येथे अवश्य केले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी राहिली होती. तेथील वीस इंची दुर्बीण त्या काळी देशातील सर्वांत मोठी होती. प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला तिचे चालक. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेण्यासाठी ते आपली उपकरणे घेऊन सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे गेले होते. १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण दक्षिणेत कोडाईकनालला गेली. पुढे १९४४ मध्ये पुण्यातील हौशी मंडळींनी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन केली आणि लोकांना आकाश दाखविण्याचे व्रत सुरू ठेवले. विद्यापीठातील आजच्या आकाशदर्शनाच्या रात्री म्हणजे त्याच वाटेवरचा पुढला मुक्काम होय.

स्वतंत्र भारतानेही हा प्रश्न हाती घेतला. १९५२ मध्ये डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. तीत पौषाचा पहिला दिवस २२ डिसेंबरला, अगदी उत्तरायणाच्या आरंभाशी, येतो. सरकारी कागदांवर आपण तो महिना पाहतो, पण त्यामागे काय आहे याची चौकशी करीत नाही.

दुर्बिणीपाशी

व्याख्यान संपले आणि मंडळी बाहेर अंगणात आली. दिवे मालविलेले होते. ‘काका, नळीला हात न लावता नुसता डोळा जवळ आणा,’ असे स्वयंसेवक विद्यार्थी अंधारात आर्जवाने सांगत होते. रांगा लागल्या. देवळातील दर्शनाच्या रांगेत असते तशीच उत्सुकता आणि तशीच थोडी ढकलाढकल!

पहिली दुर्बीण चंद्राकडे लावलेली. शुक्ल पक्षातील पंचमीची कोर होती. आजींची पाळी आली. कमरेत वाकून त्यांनी डोळा लावला आणि त्या उद्गारल्या, “अगं बाई, हा तर खडबडीत आहे गं! केवढे खड्डे!” नात म्हणाली, “आजी, ती विवरं आहेत. काठावर बघ ना, डोंगरांच्या सावल्या दिसतात.” आजींनी पुष्कळ वेळ पाहिले. मागचे लोक खोळंबले, पण कोणी घाई केली नाही. मग त्या बाजूला झाल्या, वर उघड्या डोळ्यांनी त्या कोरीकडे पाहिले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

त्यांचा नमस्कार आम्ही पाहिला आणि मनातील एक काटा निघाला. चंद्रावरचे खड्डे पाहिल्यावर त्यांचे हात जोडले जाणार नाहीत, अशी भीती आम्हांलाही होती. ते जोडले गेले.

दुसरी दुर्बीण मृगाकडे. उघड्या डोळ्यांनी मृगाचे चार पाय, त्याच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि मागे लखलखणारा व्याध सहज दिसतात. बाणाच्या खाली एक धुरकट ठिपका आहे. दुर्बिणीतून तो पंख पसरलेल्या पाखरासारखा तेजोमेघ दिसतो. तेथे नवे तारे जन्माला येत आहेत. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे १,३५० वर्षे लागतात. तो निघाला तेव्हा महाराष्ट्रावर बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते.

तिसरीतून कृत्तिकांचा पुंजका. एरवी सहा-सात तारे मोजता येतात, दुर्बिणीत ते ओंजळभर होतात. त्यांचे अंतर सुमारे ४४० प्रकाशवर्षे. आज आपल्या डोळ्यांत शिरणारा त्यांचा किरण निघाला तेव्हा पैठणला एकनाथ महाराज हयात होते. स्वयंसेवकाने हे सांगताच एक गृहस्थ म्हणाले, “म्हणजे नाथांच्या वेळचा उजेड आम्ही आज पाहतो आहोत?” होय, अक्षरशः तसेच. व्याधाचा प्रकाश साडेआठ वर्षांपूर्वीचा, सूर्याचा आठ मिनिटांपूर्वीचा, तर उत्तरेकडे कललेल्या देवयानी दीर्घिकेचा सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वीचा. पुराणांतील कालगणनेचे लक्षावधी वर्षांचे आकडे ऐकून पूर्वी हसणाऱ्यांनी हे आकडेही एकदा ऐकावेत. आम्ही असे म्हणत नाही की पुराणांना हे ठाऊक होते. काळ अफाट आहे, ही जाणीव आपल्या मनाला परकी नाही, एवढेच आमचे म्हणणे.

पश्चिमेकडे शनी होता. त्याच्यापाशी जाताना दोघातिघांनी पाय मागे घेतले. साडेसातीचा धसका! एका विद्यार्थिनीने त्यांना शांतपणे हिशेब सांगितला. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षे लागतात. राशी बारा. म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षे. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची मिळून साडेसात वर्षे. आकडा आकाशाच्या गतीतून आला आहे, भय माणसाने त्याला जोडले आहे. कडे ल्यालेला तो चिमुकला ग्रह पाहून एक वृद्ध गृहस्थ पुटपुटले, “इतका सुंदर आहे, आणि आम्ही जन्मभर याला घाबरलो!”

श्रद्धा उणावते काय?

परतताना एका सद्‌गृहस्थांनी आम्हांला गाठले. त्यांच्या स्वरात राग नव्हता, चिंता होती. “हे सारं ठीक आहे. पण मुलं असं ऐकत राहिली, तर उद्या ती देवापुढे हात जोडतील का?”

ही चिंता आम्ही थट्टेवारी नेऊ इच्छित नाही. घराघरांत ती आहे. तिचे प्रामाणिक उत्तर असे की, काही गोष्टी जातील. ग्रहणकाळी गरोदर सुनेला अंधाऱ्या खोलीत उपाशी बसविणे जाईल, आणि ते जावेच. ग्रहण ही सावली आहे, हे आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या आपल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे. ज्याचा पुतळा त्या कुंडापाशी उभा आहे, त्याचे ऐकायला आपण दीड हजार वर्षे लावावीत काय? ध्रुवाचा तारा सर्वकाळ अढळ आहे, ही समजूतही जाईल. पृथ्वीच्या त्याच डुलण्यामुळे पाच हजार वर्षांपूर्वी उत्तरध्रुवाजवळ दुसरा तारा होता आणि सुमारे बारा हजार वर्षांनी अभिजित त्या स्थानाजवळ येईल. परंतु बाळ ध्रुवाच्या कथेचे मोल ताऱ्याच्या जागेत कधीच नव्हते. सावत्र आईने मांडीवरून उतरविलेल्या मुलाने धरलेला निश्चय अढळ होता. तो तसाच राहतो.

आणि उरेल ते पुष्कळ आहे. शरशय्येवर उत्तरायणाची वाट पाहणाऱ्या पितामह भीष्मांची कथा उरेल. किंबहुना सूर्याच्या वळणाकडे डोळे लावून बसणे म्हणजे काय, हे कळल्यावर ती अधिक भिडेल. थंडीत स्निग्ध तीळ आणि उष्ण गूळ एकमेकांना देण्याची रीत उरेल. ‘गोड बोला’ हे सांगणे उरेल. ते पृथ्वीच्या डुलण्याने एक तिळभरही सरकत नाही.

डॉ. नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात देहावसान झाले. फलज्योतिषाला त्यांचा विरोध होता आणि तो त्यांनी कधी लपविला नाही. आपल्यापैकी अनेकांचे त्यांच्याशी याबाबत मतभेद असतील. परंतु त्यांची एक रीत आम्हांला फार मोलाची वाटते. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत की, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर लिहून त्याखाली सही करीन. मुलांनी केवळ थोरांची सही जमवू नये, प्रश्न विचारावा, ही त्यामागची कळकळ. आपले उपनिषद्‌वाङ्मयही गुरूपुढे बसून प्रश्न विचारणाऱ्या शिष्यांचेच आहे. यमाच्या दारी जाऊनही नचिकेत्याने प्रश्नच मागितला. तेव्हा प्रश्न विचारणारे मूल आपल्या परंपरेबाहेर जाते, असे मानण्याचे कारण नाही. त्या आजींनी भरसभेत उभे राहून जो प्रश्न विचारला, तो आम्हांला कोणत्याही व्रताइतकाच पवित्र वाटला.

आपल्या घरच्या गच्चीवर

प्रत्येकाला पुण्यास जाणे जमेल असे नाही. जे जाऊ शकतात त्यांनी कार्यक्रमाची तारीख आधी विचारून अवश्य जावे आणि घरातील वडीलधाऱ्यांनाही संगे न्यावे. मुलांना न्यायला आपण विसरत नाही, आजी-आजोबांना विसरतो. मुंबईकरांसाठी वरळीला १९७७ पासून नेहरू तारांगण आहे. परंतु आकाशदर्शनाला दुर्बीणच हवी असेही नाही. शहराच्या दिव्यांनी आकाश धुवून निघाले आहे, हे खरे. आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीणही त्यामुळेच पुण्याबाहेर सुमारे ८० किलोमीटरवर, गिरवलीला न्यावी लागली. तरीही मृग, व्याध, रोहिणी आणि कृत्तिका शहराच्या गच्चीवरूनही ओळखता येतात.

यंदाच्या संक्रांतीला एवढे करावे. हळदीकुंकू आटोपले, वाणे वाटून झाली की रात्री आठनंतर सर्वांनी मिळून गच्चीवर किंवा अंगणात जावे. मकर रास त्या दिवशी दिसणार नाही, कारण सूर्य तेथेच असल्याने ती त्याच्या तेजात बुडालेली असते. पूर्वेकडे मृग मात्र चढलेला असेल. त्याच्या बाणाची रेघ खाली वाढविली की व्याध सापडतो, वर वाढविली की तांबूस रोहिणी आणि तिच्या पलीकडे कृत्तिका. उत्तरेकडे क्षितिजापासून सुमारे अठरा अंशांवर मंदसा ध्रुव आहे. महाराष्ट्रात त्याची उंची आपल्या गावाच्या अक्षांशाइतकीच असते.

आणि दुसऱ्या दिवसापासून रथसप्तमीपर्यंत, एकाच खिडकीतून किंवा गच्चीच्या एकाच कोपऱ्यातून, सूर्य कोठे उगवतो त्याची खूण करून ठेवावी. तो दररोज किंचित उत्तरेकडे सरकताना दिसेल. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो, असे आपल्या घरांत म्हणतात. पुण्याच्या अक्षांशावर २२ डिसेंबर ते १४ जानेवारी या काळात दिवस अवघा सहा-सात मिनिटांनी वाढलेला असतो. तिळातिळाने हाच त्याला शब्द! कोणा अनामिक गृहिणीने तो डोळ्यांनी पाहूनच योजला असला पाहिजे.

त्या रात्री विद्यापीठाच्या फाटकाबाहेर रिक्षाची वाट पाहताना त्या आजी पुन्हा भेटल्या. आम्ही न राहवून विचारले, “आजी, मग पुढच्या वर्षी संक्रांत कधी करणार?” त्या म्हणाल्या, “पंचांगात असेल तेव्हाच. सासूबाईंचा नेम मी मोडायची नाही. पण बावीस डिसेंबरला पहाटे उठून सूर्याला अर्घ्य देईन. तो वळतो तो दिवस आता कळला ना मला.”

रिक्षा आली, नातीने त्यांना हात देऊन आत बसविले. वर मृग माथ्याकडे चढत होता.

वाचकहो, तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि आज रात्री एकदा तरी वर पाहा.